सर्पगंधेची मुळी आणि डॉ. रुस्तम वकील

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नवीन जालन्याच्या मोंढ्यात एका आडतीच्या दुकानावर हिशेब पाहणारे काका आमच्या सरकारी रुग्णालयात रक्तदाब तपासायला येत असत. हंगामात कापूस-सोयाबीनचे भाव वरखाली झाले, की काकांचा पाराही वर चढायचा. त्या दिवशी मात्र दाब अगदी बेताचा निघाला. मी समाधानाने केसपेपरवर आकडा लिहिला आणि त्याच गोळ्या चालू ठेवायला सांगितले. पुढच्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला त्यांचा मुलगा सोबत आला. वडील हल्ली दुकानावर जात नाहीत, जेवणावर वासना नाही, कोणाशी बोलत नाहीत, पहाटे तीनला उठून अंधारात बसून राहतात, असे त्याने सांगितले. खोदून विचारल्यावर कळले, की आमच्या गोळ्या काकांनी केव्हाच सोडल्या होत्या. आठवडी बाजारातून आणलेली एका मुळीची पूड ते दोन महिने रोज दोन वेळा घेत होते. टेन्शन आणि बीपी, दोन्हींवर एकच रामबाण, म्हणून. विकणाऱ्याने ती सर्पगंधा असल्याचे सांगितले होते.

चूक माझी होती. दोन्ही वेळा मी यंत्रावरच्या आकड्यावर खूश झालो. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले असते, गोळ्यांशिवाय आणखी काय घेता हा साधा प्रश्न विचारला असता, तर महिनाभर आधीच गोष्ट उघड झाली असती. पूड बंद केली, मानसोपचाराच्या सहकाऱ्यांनी उपचार सुरू केले आणि काही आठवड्यांनी काका पुन्हा दुकानाच्या गादीवर दिसू लागले. त्यांची उदासी त्या पुडीनेच आणली, की मनात आधीपासून साचलेले तिने वर काढले, हे खात्रीने सांगणे अवघड आहे. पण या मुळीत तेवढी ताकद आहे, हे वैद्यकाला सत्तर वर्षांपासून ठाऊक आहे. आणि ते ठाऊक होण्याच्या वाटेवरचे एक मोठे नाव आपल्या मुंबईचे आहे : डॉ. रुस्तम जाल वकील.

वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले आणि दुसरे महायुद्ध तोंडावर आले असताना ते मुंबईला परतले. परळचे केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज तेव्हा ऐन तारुण्यात होते. ही संस्था १९२६ मध्ये उभी राहिली ती एका बाणेदार अटीवर : इथे शिकवणारे आणि उपचार करणारे डॉक्टर भारतीयच असतील. इंग्रज अधिकाऱ्यांशिवाय मोठे रुग्णालय चालणार नाही, असे मानले जाण्याच्या काळातली ही अट होती. अशा ठिकाणी तरुण वकील हृदयरोगाचे काम करू लागले.

त्या काळी रक्तदाबाच्या रुग्णाला देण्यासारखे डॉक्टरच्या हाती फारसे काही नव्हते. आज तालुक्याच्या दवाखान्यातही ज्या गोळ्या फुकट मिळतात, त्यांतली एकही तेव्हा जन्माला आली नव्हती. अमेरिकेत नुसता भात आणि फळे यांवर रुग्णाला महिनोन्‌महिने ठेवण्याचा आहार निघाला होता. काही शल्यविशारद पाठीच्या कण्याजवळच्या चेतातंतूंच्या साखळ्या कापून दाब उतरवीत. थायोसायनेटसारखी औषधे होती, पण ती विषाच्या जवळची. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदवला गेला होता. जगातल्या सर्वांत शक्तिमान माणसाच्या डॉक्टरांकडेही तो उतरवण्याचे साधन नव्हते. मग परळच्या गिरणी कामगाराची काय कथा!

आपल्याकडे मात्र एक मुळी होती. सर्पगंधा हे कमरेइतके वाढणारे, पांढरी-गुलाबी फुले येणारे सावलीतले झुडूप. हिमालयाच्या पायथ्यापासून पश्चिम घाटापर्यंत ते उगवते. साप-विंचवाच्या दंशावर, तापावर आणि विशेषतः वेड लागलेल्या माणसाला शांत करायला तिची मुळी वापरत. बिहारकडे तर तिला वेडाचे औषध हेच नाव पडले होते. वनस्पतिशास्त्रात तिला मिळालेले रौवोल्फिया हे नाव लिओनहार्ट राउवोल्फ या सोळाव्या शतकातील जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ आहे.

१९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेडसर रुग्णाला शांत करते आणि रक्तदाबही उतरवते, असे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतून अनेक अल्कलॉइड वेगळे काढले आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलिन हे नाव दिले. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर प्रयोग केले. म्हणजे वकील हे या मुळीचे शोधकर्ते नव्हेत, आणि त्यांचे मोठेपण सांगताना या मंडळींना विसरून चालणार नाही.

वकील यांनी केले ते काम दिसायला साधे आणि करायला कंटाळवाणे होते. वर्षानुवर्षे त्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना मुळीच्या गोळ्या दिल्या आणि नोंदी ठेवल्या. दाब किती होता, किती उतरला, किती दिवसांनी उतरला, औषध थांबवल्यावर काय झाले, त्रास काय झाले. दहा वर्षांच्या अशा रुग्णांतून त्यांनी ५० जण निवडले आणि त्यांचा वृत्तान्त ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात १९४९ मध्ये छापला. चार आठवड्यांच्या उपचारानंतर ८५ टक्के रुग्णांचा वरचा आणि ८१ टक्के रुग्णांचा खालचा दाब कमी झाला होता.

गुण येतो, हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत होते. जगाला पटेल अशा भाषेत, आकड्यांत आणि योग्य ठिकाणी ते मांडणे बाकी होते. तो निबंध बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांच्यापर्यंत पोहोचला. त्यांनी भारतातून मुळी मिळवून आपल्या रुग्णांना दिली. दाब उतरलाच, शिवाय रुग्ण निवांत झाले, त्यांची धास्ती कमी झाली, असे त्यांच्या लक्षात आले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतील मुख्य द्रव्य शुद्ध रूपात काढले : रिसर्पिन. दोन वर्षांत न्यू यॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन ते तीव्र मनोविकाराच्या रुग्णांना देऊ लागले. वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेली काही माणसे घरी जाण्याइतकी सावरली.

आता प्रश्न असा, की एकच द्रव्य रक्तवाहिन्यांनाही सैल करते आणि मनालाही, हे कसे? याचे उत्तर शोधताना मेंदूच्या कारभाराचे एक दालनच उघडले. ते समजण्यासाठी मोंढ्यातच जाऊ.

मेंदूतील दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फट असते. एका पेशीला दुसरीला निरोप द्यायचा असला, की ती त्या फटीत रसायन सोडते. या रसायनांना चेतासंदेशक म्हणतात. नॉरॲड्रेनालिन, डोपामिन, सेरोटोनिन ही त्यांतली काही नावे. पेशीच्या टोकाशी हे रसायन सुटे पडलेले नसते. ते सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवलेले असते, जशा मोंढ्यात धान्याच्या गोण्या. विजेचा संदेश टोकापर्यंत आला, की तिथली दारे उघडून कॅल्शियम आत शिरते, गोण्या पेशीच्या भिंतीला लागतात, त्यांचे तोंड उघडते आणि माल फटीत ओतला जातो. हे सगळे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास घडते. पलीकडच्या पेशीने निरोप घेतला, की उरलेला माल पहिली पेशी परत आत ओढते आणि पुन्हा गोण्यांत भरते. हे भरण्याचे काम गोणीच्या भिंतीतील एक पंप करतो. त्याला हमाल समजा. गोणीबाहेर सांडलेले दाणे टिपायला पाखरे टपलेली असतातच. पेशीत हे काम मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचे विकर करते.

रिसर्पिन या हमालाचे हात बांधते. गोण्या भरल्या जात नाहीत, सांडलेले दाणे पाखरे खातात आणि थोड्या दिवसांत कोठार रिकामे होते. मग संदेश आला तरी फटीत ओतायला माल नसतो. रक्तवाहिन्यांपर्यंत जाणाऱ्या चेतातंतूंमध्ये नॉरॲड्रेनालिन उरत नाही, म्हणून त्या आवळल्या जात नाहीत आणि दाब उतरतो. मेंदूतही तेच होते, म्हणून धास्ती मंदावते. औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात आणि ते बंद केल्यावरही परिणाम लगेच ओसरत नाही, याचे कारणही हेच. नव्या गोण्या तयार होऊन भरायला वेळ जातो. काकांना सावरायला आठवडे लागले, ते यामुळेही.

ताणाचा संबंध इथे येतो. समजा, रस्त्यात समोरून ट्रक अंगावर आला. मेंदूच्या देठात निळसर रंगाचा पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्याचे तंतू मेंदूभर पसरलेले असतात. धोका दिसताच तिथून सगळीकडे नॉरॲड्रेनालिन सुटते आणि माणूस खडबडून सावध होतो. त्याच वेळी शरीरातील चेतातंतू हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर नॉरॲड्रेनालिन ओततात, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनालिन सोडतात. छाती धडधडते, दाब चढतो, तळहात घामेजतात. मागाहून, काही मिनिटांनी, कॉर्टिसोल वाढू लागते आणि लांबच्या लढाईसाठी साखर मोकळी करते. ट्रक निघून गेला, की तासाभरात सगळे जागेवर येते. ही व्यवस्था शरीराचा दोष नव्हे. तिनेच माणसाला आजवर जिवंत ठेवले.

पण कर्जाचा हप्ता ट्रकसारखा निघून जात नाही. पाऊस लांबला, पोरीचे लग्न तोंडावर आले, कारखान्यात पाळी कमी झाली, तर तोच धोक्याचा निरोप दिवसचे दिवस चालू राहतो. थोडा ताण असताना नॉरॲड्रेनालिन आणि डोपामिन लक्ष एकाग्र करतात. परीक्षेच्या दिवशी मूल नेहमीपेक्षा चपळ असते ते यामुळे. ती मात्रा फार वाढली, की कपाळामागचा विचार करणारा भाग नीट चालेनासा होतो. निर्णय चुकतात, चिडचिड होते, साधा हिशेब जुळत नाही. झोप मोडते आणि दाब वर राहू लागतो. अशा माणसाला कोठारच रिकामे करणारी मुळी दिली, तर त्याची धडधड थांबेल, यात नवल नाही. पण त्याच कोठारातून उमेद, भूक आणि हालचालीचा जोमही येत असतो.

ते १९५० च्या दशकातच दिसू लागले. रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल उदासीने घेरले. काहींचे हातपाय कंपवात झाल्यासारखे ताठरले. कमी मात्रेत हा त्रास क्वचित होतो आणि नेमका किती जणांना होतो यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण त्या तक्रारींतूनच विज्ञान पुढे गेले. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की रिसर्पिनने सेरोटोनिनचा साठा संपतो. तिथे काम करून स्वीडनला परतलेल्या अर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिले. ससे निपचित पडले, कान लोंबले. मग त्यांना एल-डोपा टोचले, ज्यापासून शरीर डोपामिन बनवते. काही मिनिटांत ससे उठून हालचाल करू लागले. डोपामिन हा मेंदूतील स्वतंत्र संदेशक आहे, हे यातून पुढे आले. लवकरच व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांना कंपवाताने मेलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनचा दुष्काळ आढळला. आज पार्किन्सनच्या रुग्णाला आपण जी एल-डोपाची गोळी देतो, तिची वाट ही अशी आहे. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसऱ्या टोकाने, पाखरांना अटकाव करणारे आयप्रोनियाझिड हे क्षयाचे औषध रुग्णांना उल्हसित करते, असेही त्याच दशकात दिसले. साठा संपवणारे औषध उदास करते, साठा राखणारे उल्हसित करते. या दोन निरीक्षणांवर नैराश्याचा रासायनिक सिद्धान्त उभा राहिला. पुढे तो फार ढोबळ ठरला. नैराश्य म्हणजे नुसती एका रसायनाची टंचाई नव्हे, हे आज आपण जाणतो. पण मनाच्या आजाराला शरीराचा आधार असतो, ते पाप किंवा बाहेरची बाधा नसते, हे पटवण्यात त्या सिद्धान्ताचा मोठा वाटा आहे.

वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मनोविकारांवरील नव्या औषधांसाठी नेथन क्लाइन, आंरी लाबोरी, पिएर डेनिकर आणि हाइन्झ लेहमन यांचाही गौरव झाला. पुढच्या वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. ते सर्पगंधेवर थांबले नाहीत. हृदयविकाराचा झटका येण्याआधी छातीत वारंवार येणाऱ्या कळांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि त्यावरचे त्यांचे निबंध १९६० च्या दशकात अमेरिकी नियतकालिकांत आले. आज आपण ज्याला अस्थिर अंजायना म्हणतो, तीच ही अवस्था. झटक्याची ती पूर्वसूचना वेळीच ओळखली, तर माणूस वाचू शकतो.

आमच्या पिढीच्या डॉक्टरांना मात्र वकील भेटले ते पुस्तकातून. अस्पी गोलवाला यांच्यासह लिहिलेले त्यांचे रुग्णतपासणीचे पुस्तक विद्यार्थ्यांच्या खोल्यांत हातोहात फिरत असे. भारतीय डॉक्टरांच्या संघटनेने भारतीय रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून काढलेल्या वैद्यकशास्त्राच्या मोठ्या ग्रंथाच्या पहिल्या, १९६९ च्या आवृत्तीचे संपादकही तेच होते. रुग्णाकडे कसे पाहावे, नाडी कशी धरावी, काय विचारावे, हे त्यांच्या पुस्तकांतून शिकलेल्या माझ्यासारख्याने काकांना तो एक प्रश्न विचारू नये, याची खंत मला आजही आहे. वकील २० नोव्हेंबर १९७४ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी गेले.

रक्तदाबासाठी रिसर्पिन आज क्वचितच दिले जाते. त्याहून सुरक्षित औषधे आली. पण हमालाचे हात बांधण्याची त्याची युक्ती वाया गेली नाही. हंटिंग्टनसारख्या आजारात हातपायांच्या अनावर हालचाली थांबवायला वापरले जाणारे टेट्राबेनाझिन त्याच पंपावर काम करते. आणि सर्पगंधा? औषधासाठी इतकी उपटली गेली, की रानात ती दुर्मिळ झाली आणि तिच्या जागतिक व्यापारावर निर्बंध घालावे लागले.

जालन्याच्या वाचकांना यातून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, झाडपाल्याचे म्हणून निरुपद्रवी, असे नसते. ज्या मुळीत गुण आहे, तिच्यात अवगुणही असू शकतो. बाजारातल्या पुडीत किती औषध आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. प्रशिक्षित वैद्य मात्रा ठरवून, लक्ष ठेवून औषध देतात, ती गोष्ट वेगळी. दोन, डॉक्टरांकडे जाल तेव्हा घेत असलेली प्रत्येक पूड, काढा, गोळी सांगा. डॉक्टरने विचारले नाही, तरी सांगा. तीन, बरे वाटते म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. दाब वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. चार, घरातले माणूस एकाएकी गप्प झाले, जेवण आणि झोप गेली, कशातच रस उरला नाही, तर शांत झाले म्हणून सोडून देऊ नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार मिळतात. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि रात्री-अपरात्रीही लागतो.

काका अजून येतात. दाब कधी चढा असतो, कधी बरा. आता मी आधी घरचे, झोपेचे, जेवणाचे विचारतो, पिशवीतल्या सगळ्या पुड्या टेबलावर काढायला लावतो आणि पट्टा मग बांधतो.